उजवीकडचे आकडे

मंगळवार, १४ तारीख

दादा,

खुर्चीत बसून बटणं दाबायची त्याला काम म्हणत नाहीत, हे तू वहिनीच्या तोंडून परत एकदा ऐकवलंस. बरं. मग मी पण परत एकदा सांगतो, की संध्याकाळी माझी मान तुझ्या खांद्याइतकीच दुखते, फक्त अंगावर भुसा नसतो म्हणून कुणाला दिसत नाही. सातवीत शाळा सोडली तेव्हा तूच म्हणाला होतास, याला रंधा देऊ नका, याला एका जागी उभं राहता येत नाही. आता एका जागी बसतोय, तर तेही चालत नाही.

असो. तू, वहिनी, छोटी सगळे बरे असाल. छोटीचा खोकला गेला का? मी बरा आहे. खोली तीच, वरच्या मजल्यावरची. घरमालकीण म्हणते, तू येरझाऱ्या घालतोस त्याने माझ्या छताचे पोपडे पडतात. मी म्हणालो, मावशी, ते माझ्या आधीपासून पडतायत. तिला पटलं नाही.

इथली एक फजिती सांगतो, म्हणजे तुला हसायला बरं. आमच्याकडे लोकांच्या स्वयंपाकघराची कपाटं आधी कॉम्प्युटरवर उभी करतात, मग खाली कारखान्यात फळ्या कापतात. उभं करायचं काम माझं. कपाट पडद्यावर फिरवून बघायला कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा एक चौकोन असतो. एक दाबला की समोरून, तीन दाबला की बाजूने, सात दाबला की वरून. शून्य दाबला की गिऱ्हाईक दारात उभं राहून बघेल तसं. बाबा एक डोळा मिटून फळीकडे बघायचे ना, तोच प्रकार. मला तर खाली बघावं पण लागायचं नाही, बोटं आपली आपण जायची.

आता साहेबांनी आम्हाला गिऱ्हाइकांच्या घरी पाठवायला सुरुवात केलीय. पिशवीत मावावा म्हणून आखूड कीबोर्ड दिलाय. त्याला तो चौकोनच नाही. उजवी बाजू कापून टाकल्यासारखी.

पहिल्याच घरी सासू-सून बसल्या होत्या. सून म्हणाली, बाजूने दाखवा. माझा हात गेला उजवीकडे, तिथं नुसतं टेबल. घाईत वरच्या ओळीतला तीन दाबला. त्या ओळीतल्या आकड्यांचं काम निराळं. सामानाचे गठ्ठे केलेले असतात, त्यातला एकच गठ्ठा दाखवायचा आणि बाकीचे लपवायचे. कपाटं गेली, ओटा गेला, शेगडी गेली. उरला एक नळ, हवेत लटकलेला.

"अहो, माझं किचन कुठं गेलं?" सून म्हणाली.

"पैसे भरले की परत येईल," सासू म्हणाली. "यांची पद्धतच आहे ती."

माझ्याबरोबर मापं घ्यायला एक बाई येते, तिला आम्ही मापवाली म्हणतो. ती टेप तोंडावर धरून हसत होती. पण बसमध्ये तिनेच मला दाखवून दिलं. सेटिंगमध्ये एका ठिकाणी खूण करायची, मग वरच्या ओळीतले आकडे उजवीकडच्या आकड्यांचं काम करतात. त्यांचं स्वतःचं लपवायचं काम मात्र जातं, ते माउस घेऊन करत बसायचं.

"झालं की," ती म्हणाली. "आता तोंड पाडू नकोस."

"हात ऐकत नाही. अजून तिकडेच जातो."

"जाईल थोडे दिवस. त्याला काय माहीत काय गेलंय ते? आणि आधी तो पाय हलवायचा थांब, सगळी बस हलतेय."

पाय का हलतोय ते मी तिला सांगितलं नाही. तुलाही न सांगता पत्र संपवायचा विचार होता, पण नाही जमत.

दादा, महिनाभर फोन केला की तू म्हणतोस, मशीन चालू आहे, नंतर बोलू. मागे मशीनचा आवाज नसतो. मी करवतीच्या त्या आवाजात वाढलोय रे. छोटी स्टूल ओढत नेते ते ऐकू येतं, चिमण्या ऐकू येतात, मशीन नाही. म्हणून तू बाहेर असताना वहिनीला फोनवर गाठलं. आधी म्हणाली हात मुरगळलाय. मग रडायला लागली. तिच्यावर चिडू नकोस, छोटीची शपथ घालून काढून घेतलंय मी.

उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन बोटं पात्यात गेली. टाके निघालेत म्हणे. कानावरची पेन्सिल काढायला तू अजून तोच हात नेतोस, आणि ती खाली पडते.

आणि असा हात घेऊन तू शाळेची चाळीस बाकं अंगावर घेतलीस! सुट्टी संपायच्या आत द्यायची, आगाऊ रकमेचं लाकूड आणून टाकलेलं. ती झाली नाहीत तर वर्कशॉपला कुलूप, हे मला न शिकता पण कळतं. आणि निरोप काय, तर "त्याला म्हणावं महिनाअखेर ये, मशीनवर उभा राहा." बोटांबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हापासून खाली फळी कापायला लागले की मी उठून पाणी प्यायला जातो. साहेबांनी काल विचारलं, "तुला साखरेचा त्रास आहे का?"

मी येत नाही, दादा.

तू म्हणशील घाबरला. घाबरलोच आहे. पण ते निमित्त झालं. तुझी बोटं शाबूत असती तरी मी आलो नसतो. दोन वर्षं फिरू दे, मग येईल ठिकाणावर, असं म्हणत तू माझी जागा राखून ठेवलीस. ती जागा मला नको आहे. तुला भेटायला येईन, हवा तितक्या वेळा येईन. मशीनवर उभा राहायला नाही.

बाक मी इथं उभं केलंय. मापं वहिनीने दिली. समोरून, बाजूने, वरून सगळीकडून फिरवून बघितलंय. पाठ टेकायची फळी जरा कलती केलीय, पोरं काही ताठ बसत नाहीत. कुठल्या फळीतून काय काढायचं त्याचे कागद सोबत आहेत, कापणाऱ्याने तेवढंच बघायचं. जोडणी मात्र तुझ्या नजरेखाली होऊ दे, ती मला इथून दिसत नाही.

मशीनला माणूस ठेव. वखारवाल्याच्या ओळखीचा एक जण मोकळा आहे, वहिनीने पगार विचारून ठेवलाय. हे वाचून तू कागद खाली ठेवशील आणि म्हणशील, बघ, भावाच्या जागी नोकर पाठवतोय. हो, तेच करतोय. बाबांच्या मशीनला परका हात लागेल, लागू दे. पण त्याला उभं करायच्या आधी पात्यावर झाकण बसवून घे. हात अडतो म्हणून बाबांनी ते काढून टाकलं होतं. अडू दे.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुझा, आणि तुझाच,
धाकटा

वहिनीच्या खात्यावर सोमवारी पाठवतोय, झाकणाचे आणि त्या माणसाच्या पहिल्या महिन्याचे मिळून: बावीस हजार.