सहा हजार लावले होते

४ डिसेंबर
बंगळूरहून परत. लहान जेट, पायलट मी एकटीच. शेजारची सीट रिकामी, म्हणून मालक, आमचे अण्णा, तिथे येऊन बसतात. उतरताना कंट्रोलरने सहा हजार फुटांपर्यंतच खाली यायला सांगितलं. ऑटोपायलटच्या नॉबवर सहा हजार लावले. मोठ्याने म्हटलेही. मग नकाशा, हवा, रेडिओ, सगळं एकदमच आलं. मान वर केली तर विमान सहाच्या खाली निघालेलं. पडद्यावर लावलेला आकडा पाच हजार! ऑटोपायलट काढला, हाताने वर घेतलं. तेवढ्यात कंट्रोलरही विचारायला लागला. खाली नुसता ढग.
उतरल्यावर अण्णांना विचारलं, काही फिरवलंत का. "एनू मुट्टिल्ल, सुनेत्रा. मी कशाला हात लावू?" हसत म्हणाले.
हसत का?

५ डिसेंबर
झालं ते लेखी कळवलं. इंजिनियर महेशने नॉब तपासला, ऑटोपायलट तपासला. दोन्ही ठीक. "मॅडम, तुमच्याच हातून फिरला नसेल ना? एकट्या माणसावर सगळं येतं तेव्हा होतं."
झोप झाली होती. पोटभर खाल्लंही होतं. फिरवला असता तर आठवलं असतं.
असतं ना?

९ डिसेंबर
अण्णांच्या घरी जेवायला, देशपांडे नगरला. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, धपाटे वाढता वाढता म्हटलं, "परवा ह्यांनीच उतरवलं म्हणे विमान!"
माझा घास तसाच.
"चेष्टा केली गं," अण्णा. ताटातून मान वर नाही.

१० डिसेंबर
आई म्हणाली, कुढत बसू नको, तोंडावर बोल. बोलले. "अण्णा, यापुढे मागे बसायचं." मला वाटलं चिडतील, विमान कुणाचं म्हणून विचारतील.
"बरं."
एवढ्यावर ऐकणारा माणूस नव्हे हा. काय चाललंय मनात?

१३ डिसेंबर
अण्णा मागे. उतरायची तयारी वरच, निवांत असताना उरकली. आकडा लावला की त्यावर बोट, मोठ्याने वाचायचा, मगच दुसरं काम. आकडा जागचा हलला नाही. मनात म्हटलं, सापडला चोर.
मग कंट्रोलर जरा चढ्या आवाजात, "तिसऱ्यांदा बोलावतोय." मला ती पहिलीच हाक वाटली.
आधीच्या दोन? शेजारी तर कुणी नव्हतं.

१४ डिसेंबर
अण्णांचा फोन. "दुसरा पायलट बघतोय. एकटीवर भार नको." आवाज मायेचा. माझ्या जोडीला, की माझ्या जागी?
राहवलं नाही. "अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी नॉबला हात लावलात?"
"हो म्हटल्यानं तुला बरं वाटणार असेल, तर हो."
पुढे काय विचारणार? फोन ठेवला. हो म्हणाले, हे खरं. पण उद्या मंगळूर आहे, आणि मघापासून मी स्वतःच्या हातांकडे बघत बसलेय.