पिल्लासाठी बघितलेलं घर

बाबा, तुमच्या क्लबने पिल्लू देण्याआधी घर बघायची पद्धत काढून टाकली. रविवारी लालबागला, पिठाच्या गिरणीमागच्या त्याच खोलीत मीटिंग झाली. अध्यक्षकाका म्हणाले, "यापुढे व्हिडिओ कॉलवर घर बघायचं. लोकांना वेळ नाही, आपल्यालाही नाही." तुमच्या सायकलवर डबलसीट बसून घरं बघत फिरलेला माणूस हा! मी विचारलं, "काका, व्हिडिओवर वास येतो का? शेजारी भेटतात का?" सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, पिल्लू द्यायचंय, पोरगी नाही द्यायची!" त्यावर आणखी हसले. मला हसू आलं नाही. हात टेबलाखाली एकमेकांत अडकवून बसलो. त्यांना काय माहीत, आपल्या घरात पिल्लाला एक न्याय होता आणि पोरीला दुसरा.

क्लब कसा सुरू झाला ते तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मला पाठ आहे. मिलमधली तुम्ही घाटावरची चार माणसं, आणि कारवान कुत्रं तुमच्या गावाकडचं. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, माळावर सशामागे पळायला जन्मलेलं. मुंबईत कुणी ते हौसेने आणायचं, गॅलरीत साखळीने बांधायचं, आणि वर्षभरात ते पिसाळल्यासारखं वागायला लागायचं. अशी कुत्री सोडवून आणता आणता तुमचा क्लब झाला. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. कुत्रीकडून वर्षातून एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही. आणि घर बघितल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही. जिना चढण्याआधी खाली चौकशी करायची, वाण्याकडे, रखवालदाराकडे, नळावरच्या बायकांकडे. मग वर जायचं. पाणी प्यायचं, पण चहा नाही. घर पसंत पडलं की तुम्ही स्वतःच म्हणायचात, "आता टाका चहा, वहिनी." नाही पडलं तर नुसतं, "उठतो आम्ही." मी एकदा विचारलं की चहाने काय होतं, तर तुम्ही म्हणालात, "ज्याचा चहा प्यायलो, त्याच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही." एका नगरसेवकाच्या घरून तुम्ही पाणी पिऊन उठला होतात. त्याने तुमच्याशी बोलणं टाकलं, आणि तो किस्सा तुम्ही दर गणपतीत मिटक्या मारत सांगायचात.

मग ताईच्या वेळी काय झालं होतं तुम्हाला?

ताईला जिथे दिलीत ती माझगावची चाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी बारावी अर्धवट सोडून घरी बसलो होतो, म्हणून मलाही सोबत घेतलं होतंत. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आहे. खाली जिन्याशी एक बाई तांदूळ निवडत बसली आहे. ती ताईकडे बघते, मग तुमच्याकडे, तिच्या हातातलं सूप थांबतं, आणि तुम्ही तिला वळसा घालून भराभर वर चढता. बसल्या बसल्या ट्रे येतो. पहिला कप तुम्ही उचलता. मी तुमच्याकडे बघत राहतो, आणि तुम्ही बशीत फुंकर मारता. घरी आल्यावर आई चुलीपाशी न जाता दारातच उभी राहिली आणि तिच्या मालवणीत म्हणाली, "कुत्र्याक तीन-तीनदा घर बघतास, आणि चेडवाक एकदाच? ता पण चाय पिऊन?" तुम्ही टोपी खुंटीला लावत म्हणालात, "कुत्रं मुकं असतं. पोरीला तोंड आहे. नको असतं तर बोलली असती."

पोरीला तोंड आहे. हे वाक्य मी इतकी वर्षं चघळतोय, बाबा, आणि ते अजून कडूच लागतं. तुमच्यासमोर बोलायची सवय तिला कधी लावलीत? त्या घरात तर पहिल्याच महिन्यात तिचं तोंड बंद केलं गेलं. ती कायमची परत आली तेव्हा आई तिचं सामान आणायला गेली होती. ती तांदूळवाली बाई आईला म्हणाली, "खाली कुणी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं." तोवर तुम्ही गेला होतात. त्याचाही मला राग आहे. हे तुम्हाला ऐकवायला हवं होतं.

आता मीटिंगचं पुढचं ऐका. तुमच्या कुत्रीच्या वंशातली शेवटची कुत्री वडाळ्याला, मिठागराजवळच्या शेडमध्ये माझ्याकडे आहे. तिला या वेळी एकच पिल्लू झालं. काकांनी मला न विचारता ते परळच्या एका टॉवरमधल्या जोडप्याला कबूल केलं. मी म्हटलं, घर बघितल्याशिवाय देणार नाही. काका म्हणाले, "मग पिल्लाच्या जातीचा क्लबचा कागद विसर. बापासारखाच हट्टी आहेस." रात्री ताईला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी येते. मला घर बघता येतं."

काल गेलो. खाली तिनेच रखवालदाराला विचारलं, त्या घरात आधी कुत्रा होता का. तो म्हणाला, "था ना एक, नीली आँखवाला. दिनभर बालकनी में रोता था."

"फिर?"

"फिर एक दिन दिखा नहीं."

वर घर लखलखीत होतं. बाई हसतमुख, तिचा नवरा फोनवर. गॅलरीला जाळी, जाळीपलीकडे नुसतं आकाश. ताईने आधीच्या कुत्र्याचं विचारलं तर बाई म्हणाली, "तो ना, ॲडजस्टच नाही झाला." तेवढ्यात चहा आला, आलं घातलेला, सोबत खारी. ताईने कप बोटाने पुढे सरकवला. "पाणी चालेल," म्हणाली. पाणी प्यायली, पदराने ओठ टिपले. "उठतो आम्ही."

पिल्लू शेडमध्येच आहे. क्लबचा कागद त्याला मिळणार नाही आणि अध्यक्षकाका माझा फोन उचलत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते तुमचं. तुमचा नियम मी सांभाळतोय आणि तुम्हाला माफ करायला मला जमत नाही.

हे पत्र लिहून झालं की फाडणार आहे, कारण ते ताईच्या हाती पडायला नको. रखवालदाराचं सगळं ऐकून मी वर गेलो होतो. तरी ती बाई इतक्या मायेने "घ्या ना" म्हणाली की ताईने माझ्याकडे न बघता पाणी मागितलं तेव्हा कप माझ्या हातात होता.