माशाकडे पाठ

ता. २, सोमवार
म्युझियममध्ये झाडूपोछ्याचं काम लागलं. महिनाभर ट्रायल. पर्मनंट झाले की पोरीला इथल्या पाळणाघरात जागा. तोवर ती माझ्याबरोबर. नणंद म्हणाली, वहिनी, तू भित्री भागूबाई, आठवडा टिकणार नाहीस. बघच म्हणावं.

हॉलमध्ये टार्पन नावाचा मासा लावलाय. माणसाहून लांब, जबडा वासलेला. लोक हौसेनं गळाला लावतात म्हणे. खायला जावं तर काटेच काटे. रिकामटेकडे मेले.

मी घाबरले नाही. डोळे तेवढे आवडले नाहीत.

ता. ५
माशाकडे पाठ करून, डोळे मिटून पुसते. माझी स्टाइल आहे. म्युझियमच्या मॅडमनी विचारलं तर सांगितलं, पोरगी घाबरते.

ता. ९
कोपऱ्यात बुटक्या टेबलावर दगडाची लादी. इथले जुने दगड तपासणारे दगडवाले डॉक्टर म्हणतात, त्यात या माशाच्या घराण्यातला पूर्वज आहे, कोट्यवधी वर्षांचा. मला भिंतीवरच्या ओलीसारखा डाग दिसला. आमच्याकडे आजेसासऱ्यांचा फोटो नाही, आणि यांनी माशाचा खापरपणजोबा जपलाय! दगडाला कोण भितं? पोरगी त्याला टेकून झोपते. गार लागतो.

ता. १४
उद्या माशाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. नक्की.

ता. १५
डोकं दुखत होतं.

ता. २१
पाठमोरी पुसताना माशाच्या पाठीवरचा पर हातात आला. डोळे मिटूनच गमानं चिकटवला. एकदम ओरिजिनल. डॉक्टरच्या बापाला कळणार नाही.

ता. २३, सकाळी ९
डॉक्टरला दारातूनच कळलं. म्हणाला, पर उलटा बसलाय, मासा मागे पोहत निघालाय. मॅडम म्हणाल्या, बघून नाही का चिकटवायचा? म्हटलं, पोरगी घाबरते ना. पोरगी म्हणाली, मी नाही, आई घाबरते, डोळे मिटते.

कार्टीला बोलायला मीच शिकवलं.

ता. ३०
पर्मनंट नाही. डोळे उघडे ठेवणारी बाई हवी म्हणे.

निघताना डॉक्टरनं सांगितलं, मासा फायबरचा आहे. खरा ज्यानं पकडला त्यानं फोटो काढून तिथंच सोडून दिला. खरी हाडं दगडात.

म्हणजे पोरगी महिनाभर मढ्यावर डोकं ठेवून झोपली.

घरी येऊन नणंदेला ठणकावलं, प्लास्टिक पुसायला मी काय येडी आहे? मीच सोडलं. ती म्हणाली, बरं केलंस. आणखी काही?

दुसरं काम शोधेपर्यंत पोरीला तुझ्याकडे ठेवू का, एवढंच विचारायचं होतं. तोंडच उघडेना.