बाकावर बसलेले बाबा

मंगळवार, संध्याकाळ. वाडी.

आज मी बाबांना बाकावरून उठवायला गेलो. दुपारपासून दुसरं काही सुचत नाही.

ते गावाहून, खाप्याहून मला भेटायला आले होते. मी ज्या सोसायटीत वॉचमन आहे तिथेच थेट आले. ऊन रणरणत होतं, म्हणून मीच त्यांना आत कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळात सेक्रेटरी खाली आले.

"हा कोण? बाक रहिवाशांसाठी आहे. उठव त्याला."

माझे वडील आहेत, एवढं सांगायचं होतं. पण आधीच्या वॉचमनला नातेवाईक आत घेतला म्हणूनच काढलं होतं. बाकाजवळ गेलो आणि नुसता उभा राहिलो. तेव्हा बाबा आपणच उठले. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "जाऊन राहिलो साहेब. सावली दिसली म्हणून बसलो होतो."

मला साहेब म्हणाले. माझ्या बापानं.

ड्युटी संपेपर्यंत ते रस्त्यापलीकडे उन्हात उभे होते. खोलीवर येताना विचारलं, "बाबा, मले साहेब काहून म्हटलं जी?"

"तुले बोलता येऊन नव्हतं राहिलं," ते म्हणाले.

सकाळच्या पहिल्या बसनं परत जातो म्हणतात. थांबा म्हणायला तोंड नाही मला.