आधी विचारायचं

मंगळवार, ४ मार्च
आंघोळ घालताना सासूबाईंनी आज माझ्या मनगटाचा चावा घेतला! दात अजून स्वतःचे आहेत — चांगलेच आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणात, आणि अंगाला हात लावला की हेच. पाठीला जखम झाली आहे, स्वच्छ ठेवली नाही तर चिघळणार. नवरा दारातूनच म्हणाला, "तू नर्स आहेस, तुझं तू बघ." वा रे वा. आई कुणाची?

गुरुवार, ६ मार्च
सकाळी बलात्काराची केस. कॉलेजातली मुलगी, सोबत मावशी. तोंडातला नमुना घेईपर्यंत पाणी देता येत नाही, म्हणून तो सगळ्यांत आधी घेतला. घटाघटा प्यायली. मग एकेक — नखांखालचं घेऊ? गळ्यावरच्या खुणांचा फोटो काढू? "नको" म्हणाली की थांबायचं. बऱ्याचदा थांबले. बाहेर पोलीसबाई ताटकळलेल्या. "सिस्टर, आटपा की." म्हटलं, तिचं आटपलं की माझं आटपेल. कपडे कागदी पिशवीत घातले, सील केलं, सही करून त्यांच्या ताब्यात दिले.

घरी आले आणि सासूबाईंचा गाऊन सरळ वर ओढला. विचारलं नाही. माझीच मला लाज वाटली.

शुक्रवार, ७ मार्च
विचारलं. "नको." अंग पुसायच्या पाण्याचं भांडं उचलून परत नेलं.

शनिवार, ८ मार्च
नवरा चिडलाय. "विचारतेस कशाला? ती नाहीच म्हणणार." संध्याकाळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "पाठ पूस. पुढे हात नको." पाठ पुसली, मलम लावलं. पुढे हात नाही.

मंगळवार, ११ मार्च
जखम सुकतेय. आज मध्येच "थांब" म्हणाल्या, मी थांबले. पुन्हा "थांब". खरंच थांबते का, ते बघत होत्या!
"दवाखान्यातही असंच विचारतेस?"
"तिथं तर विचारल्याशिवाय बोटही लावत नाही."
बलात्काराच्या केसेस माझ्याकडे येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शेजारणींना मात्र सांगतात, सून बाळंतपणाच्या वॉर्डात असते.

गुरुवार, १३ मार्च
पाठ पुसत होते. तोंड पलीकडे ठेवूनच त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे जुनं चालतं का गं?"
"किती जुनं?"
"लग्नाआधीचं."
चालतं, म्हटलं. मग विचारलं, "आई, दार लावू?"
"लाव."