उलांडीची दोरी

४ ऑक्टोबर, शनिवार

होडी उलटली! आश्लेषाच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकी आम्ही पाच – ओले, गारठलेले, पण धड.

रॅरिटन नदीच्या मधोमध उलांडीचा पुढचा दांडा सुटला. होडीच्या बाजूला बांधलेली, तोल सांभाळणारी उलांडीच गेली, मग सहा माणसांची ही काकडीसारखी होडी उभी कशी राहणार? बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सुकाणू माझ्याकडे होतं. पुलाच्या अलीकडे त्या दांड्याची दोरी कुरकुरायला लागली होती. ऐकली मी. माझी दोरी कधी कुरकुरत नाही, म्हणून नवल वाटलं. पण माझीच आहे, सुटायची नाही, असं म्हणून थांबवलं नाही.

हे फक्त इथे लिहितो.

५ ऑक्टोबर

आश्लेषाकडे जाऊन आलो. हात गळ्यात बांधलेला, तरी मलाच धीर देते. "काका, स्टॉप लुकिंग लाइक दॅट!" तिची आई नैना चहा देताना हळूच म्हणाली, "उलांडी बांधताना जगन्नाथकाकांचे हात किती थरथरतात हल्ली... पण त्यांना सांगणार कोण?"

मी कपात चमचा फिरवत बसलो. मी साखर घेत नाही.

७ ऑक्टोबर

दुकानात लक्ष नाही. एका माणसाला पुढच्या चाकाचा टायर मागे लावून दिला. पोरं हसली. तीन दुकानांचा मालक आणि ही तऱ्हा!

जगन्नाथदादा पहिल्यांदा भेटले त्या काळात मी दुसऱ्याच्या दुकानात टायर बदलायचो. पार्सिपनीला नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत माझं बोलणं ऐकून मागून म्हणाले, "देवगडचो काय रे?" ते मालवणचे. पुढच्याच महिन्यात मला घेऊन गेले एका हवाईच्या म्हाताऱ्या खलाशाकडे. त्याच्या अंगणात ही होडी पालथी पडलेली. दादा तिच्याभोवती फिरले आणि डोळ्यांत पाणी! "श्रीराम, ही आपलीच उलांडी रे!"

खलाशाने होडी दिली, सोबत एक नियम दिला. होडीतल्या कुणाविषयी मनात काही असेल तर ते काठावर बोलून टाकायचं, मगच होडीला हात लावायचा. क्लबात जमलेले पुणेकर, नागपूरकर सगळे हसले होते. पण पाळला. आमच्यातल्या अनीशचे वडील नागपूरला वारले आणि व्हिसापायी त्याला जाता येईना, तेव्हा "मला तुम्हा सगळ्यांचा राग येतोय" असं काठावर म्हणाला बिचारा. त्याला घेऊन आम्ही मधोमध गेलो आणि वल्ही मांडीवर ठेवून तासभर नुसते बसलो. असा आमचा क्लब.

उलांडी बांधायचा मान पहिल्या दिवसापासून दादांचा.

११ ऑक्टोबर, शनिवार

होडी काढली नाही. रीमा सध्या क्लब चालवते, तिचा फोन. "काका, कुणी ब्लेम करत नाहीये हं. पण सव्वीसच्या मीटिंगमध्ये रिगिंग, म्हणजे उलांडी बांधायचं काम, दुसऱ्या कुणाकडे देऊ या. जगन्नाथकाकांना ऑनररी काहीतरी करू. शाल वगैरे."

ऑनररी काहीतरी! जिवंत माणसाला शाल घालून घरी बसवायचं.

१२ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. ती गाठ दादांची नव्हतीच. माझी होती.

त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून, दोन वर्षं मी हेच करतोय. दादा बांधतात, मग लाइफ जॅकेटं आणायला शेडकडे जातात. तेवढ्यात मी त्यांची सोडतो आणि माझी बांधतो. त्या शनिवारीही तेच केलं आणि गाडी लावायला गेलो.

हे सांगितलं तर दादांवरचा ठपका जाईल. पण मग दोन वर्षं त्यांची एकही गाठ पाण्यात गेली नाही, हेही सगळ्यांना कळेल. त्यांनाही. कुठल्याही बाजूने बोललो तरी मारणार मीच त्यांना.

१६ ऑक्टोबर

काही नाही. पाऊस. दादांचा फोन आला, मी उचलला नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळीचं म्हणून दादांकडे गेलो. दादा आंघोळीला गेले होते. सुहासिनीवहिनींनी चकल्या पुढे ठेवल्या. जेवणाच्या खुर्चीचे पुढचे दोन्ही पाय दोरीने करकचून बांधलेले! मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. "सकाळपासून तेच. बांधतात, सोडतात, पुन्हा बांधतात. विचारलं तर म्हणे, हात साफ ठेवतोय."

चकली हातातच राहिली. दादा बाहेर आले, म्हणाले, "खा रे, वहिनीन केल्ली हा, टायर नाय तो!" मी हसलो. सांगायचं राहिलं.

२५ ऑक्टोबर

ठरलं. उद्या मीटिंगआधी दादांना एकट्याला गाठून सांगायचं. मग ते म्हणतील तसं.

२६ ऑक्टोबर, रविवार

काठावर सांगितलं. "दादा, त्या दिवशीची गाठ माझी होती."

दादा पाण्याकडे बघत होते. "तुझी खंयची? तू गाडी लावूक गेलंस, तेव्हा तुझी सोडून मी परत माझी बांधलंय. दोन वर्षां बघतंय तुझा. म्हटलं, एकदा तरी माझी जांव दे पाण्यात."

मग त्यांनी माझा दंड धरला. "तुझे कान तिखट. खरा सांग – कुरकुरत होती काय रे?"

मी म्हटलं, "नाय दादा. कायच ऐकू येऊक नाय."