केशरी गाडीच्या मूळ इंजिनाबाबत

मी, मर्विन दोब्रोवस्की, वय एक्याऐंशी, राहणार हॅमट्रॅमक, मिशिगन, पूर्वी मोटार कारखान्यात जुळणी कामगार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. हृदय कामातून गेलं आहे, डोकं नाही. कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारे माझ्याआधी थकले.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी अर्लीन हिची, ती हयात असेतो. तिची आठवण पुसत चालली आहे, म्हणून सगळा व्यवहार पुतण्या कर्ट याने पाहावा. तिला वृद्धाश्रमात टाकू नये. तिच्यानंतर घर कर्टचं.

२. हत्यारांची पेटी समोरच्या नासेरला. नेलेला पाना तो पुसून परत आणून देतो. आजकाल एवढं कोण करतं?

३. धाकटा भाऊ युजीन याला काहीही नाही. माझ्या मुलाच्या, डेनीच्या मयतीला, शवपेटी उघडी असताना हा माझ्या कानाशी म्हणाला, "मर्व्ह, निदान चांगली गाडी तरी वाचली." युजीन, वाचली रे बाबा. आता त्या गाडीला हातसुद्धा लावायचा नाहीस.

४. तर ती गाडी. १९६९ सालची, केशरी, दोन दारांची, माझ्याच पाळीत जुळलेली. तिचं मूळ इंजिन डेनीने वुडवर्ड रस्त्यावरच्या शर्यतीसाठी काढून आपल्या हलक्या खटाऱ्यात बसवलं. "बाबा, वजन कमी, ताकद तीच! बघाच तुम्ही." मी बघितलं. खटारा कुशीवर खांबाला आदळला होता. पोरगा गेला, इंजिन मात्र ठणठणीत. ते आणून मी गॅरेजात ताडपत्रीखाली टाकलं आणि केशरी गाडीत दुसरं बसवलं.

जुन्या गाड्यांच्या संग्राहकांची एक रीत असते. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला तर सोनं, नाही तर पितळ. मागच्या शरदात एक दातांचा डॉक्टर गाडी विकत घ्यायला म्हणून आला आणि चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली आडवा झाला.

"दोब्रोवस्कीसाहेब, मूळ इंजिन कुठंय?"

"वारलं," मी म्हटलं.

"काय काका!" कर्ट म्हणाला. "अहो, ते काय ताडपत्रीखाली!"

डॉक्टर नाचायचाच बाकी राहिला. दोघांनी ताडपत्री ओढली आणि नंबरावरची धूळ फुंकरीने उडवली. मी घरात निघून गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिन भट्टीत घालून वितळवावं, असं कलम मी लिहिलं होतं. कर्टने वाचलं आणि म्हणाला, "काका, काकूंना घरातच ठेवायचं म्हणता. दिवसरात्र बाई ठेवायची तर पैसा कुठून आणू? तुमच्या रागातून?" खरं बोलतो मेला. मी कागद फाडला.

५. सबब, मी हरलो. कर्टने इंजिन गाडीत परत बसवावं, नंबर जुळवून ती डॉक्टरला विकावी आणि येईल तो पैसा अर्लीनवरच खर्च करावा. माझी अट एकच आहे. कर्ट, नीट वाच. इंजिन पहिल्यांदा सुरू कराल ते या घराजवळ नको. गाडी ट्रकवर चढवा आणि गावाबाहेर न्या. अर्लीन आता मला ओळखत नाही, आरशातल्या बाईलाही ओळखत नाही. पण डेनी ही केशरी गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला की ती स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर सांगायची, "आला बघा," आणि सारण भरलेल्या पिएरोगी तव्यावर टाकायची. तो आवाज तिला अजूनही ओळखू येईल. ती दार उघडून पायरीवर येऊन उभी राहील, आणि समजूत घालून तिला आत न्यायला मी नसेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: मर्विन दोब्रोवस्की

साक्षीदार:
लोरेन पिएट्रास, चर्चच्या स्वयंपाकघरात काम
सालेह अल-जहमी, कोपऱ्यावरचे दुकानदार

हॅमट्रॅमक, ११ फेब्रुवारी २०२५